कॉर्फ ते शाफ्ट्सबरी: राजा एडवर्डच्या वाटेवर तीन दिवस

इंग्लंडचा दहाव्या शतकातला राजा एडवर्ड याचा देह ज्या क्रमाने हलवला गेला, त्याच क्रमाने आम्ही ही वाट चालतो. १८ मार्चला इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या कॉर्फपासून निघायचं. ९७८ साली याच तारखेला, संध्याकाळी, सावत्र भाऊ एथेलरेडकडे आलेला हा कोवळा राजा इथे मारला गेला. टेकडीवरचे भग्न बुरूज नंतरच्या, नॉर्मन काळातले. त्याने ते पाहिलेच नाहीत.

पहिला टप्पा वेअरहॅम, जेमतेम ८ किलोमीटर. इथे त्याला राजाला साजेसा कोणताही मान न देता पुरलं. सॅक्सन काळातले मातीचे तट अजून गावाला तीन बाजूंनी वेढून आहेत. त्यांच्यावरून फेरी मारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरा दिवस लांबचा, ब्लँडफर्डपर्यंत सुमारे २४ किलोमीटर. वेअरहॅमच्या रानात गोचिडी असतात, म्हणून विजार मोज्यांत खोचायची आणि मुक्कामी गुडघ्यांमागे, काखेत नीट तपासायचं. स्पेटिसबरीपासून जुन्या रेल्वेमार्गाची सपाट पायवाट मिळते. पाय दुखतात ते इथेच, कारण सपाटीवर नकळत वेग वाढतो आणि टाचांना फोड येतात. तासाला ४ किलोमीटर पुरे.

तिसऱ्या दिवशी सुमारे २१ किलोमीटर आणि चढ. फाँटमेल डाउन या टेकडीची ओली खडूमाती साबणासारखी निसरडी असते, काठी हवीच. शेवटचा चढ शाफ्ट्सबरीचा. खुनानंतर सुमारे वर्षभराने मर्सिया प्रांताचा सरदार एल्फहेरे याने थोरल्या इतमामाने देह इथे, आल्फ्रेड राजाने स्थापलेल्या जोगिणींच्या मठात आणला. एडवर्डचे वडील एडगर राजा ९७५ मध्ये वारल्यावर मठांच्या जमिनींवर तुटून पडलेल्यांत हाच एल्फहेरे पुढे होता. चढ चढताना माझ्या मनात दरवेळी तोच येतो: पश्चात्ताप, की राज्य सावरण्याची धडपड?

मारेकऱ्यांची नावं त्या काळच्या नोंदींत नाहीत. सावत्र आई एल्फथ्रिथवरचा ठपका नंतरच्या कथांनी ठेवला. मी तो वाटेत सांगत नाही. ज्याला सिंहासन मिळालं, त्या एथेलरेडनेच १००१ मध्ये ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन हे ठिकाण शाफ्ट्सबरीच्या मठाला दिलं, व्हायकिंग डेनांच्या हल्ल्यांत भावाच्या अस्थींना आसरा असावा म्हणून.

मठ १५३९ मध्ये मोडला. आता पाया आणि बाग उरली आहे, आणि थंडीत ती बंद असते. मार्चमध्ये आधी विचारून घ्या. १९३१ मध्ये इथे सापडलेल्या, एडवर्डच्याच मानल्या जाणाऱ्या अस्थी सरे परगण्यात ब्रुकवूडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत. दर्शन हवं असेल, तर चौथा दिवस आगगाडीसाठी राखून ठेवा.