फडताळातलं मुठेल

परळच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, फडताळाच्या वरच्या फळीवर, रेशनकार्डाशेजारी बिस्किटांचा एक जुना डबा असायचा. त्यात मुठेल. म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. एकदा पाहुण्यांच्या पोरानं साबण समजून ते मोरीवर नेलंही होतं.

आजी पावसाआधी गावाहून यायची ती हे घेऊनच. आमसुलं घालून झाली की उरलेल्या बिया वाळवायच्या, फोडायच्या, कुटायच्या आणि पाण्यात उकळायच्या. वर आलेला तवंग निवला की काढून मुठीत दाबायचा. म्हणून तर मुठेल. प्रत्येक गोळ्यावर करणारीची बोटं उमटलेली असत. आमच्या गोळ्यांवर तीनच दिसायची. आजीची करंगळी विळीनं कधीच नेली होती.

हे तेल चाळीसेक अंशांपर्यंत वितळत नाही, त्यामुळे मुंबईच्या घामट मे महिन्यातही गोळा गोळाच राहतो. लावायचं तर चमचा गॅसवर तापवायचा, गोळ्याला टेकवायचा आणि चर्र करत सुटलेले थेंब टाचेच्या भेगेत सोडायचे. आई ओठ आवळून बसायची. बाबा तेवढ्यापुरता रेडिओ मोठा करायचे. (अंगावर पित्त उठलं की आमसुलाचा कोळ, तोही याच घरात. एका कोकमावर आमचा अर्धा दवाखाना चालायचा.)

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला दिवसभरात 944 मिलिमीटर पाऊस पडला. आई कुर्ल्याहून कंबरभर पाण्यातून चालत मध्यरात्री घरी पोचली. आजीनं पाय धुतले, पुसले, चमचा तापवला. आठवड्यानं आईला ताप भरला. उंदरांच्या मुतानं नासलेलं पाणी भेगांतून अंगात जातं, लेप्टो होतो, हे तोवर चाळीत सगळ्यांना पाठ झालं होतं. मी सवयीनं डबा काढला, तर आजीनं तो हातातून घेतला.

"भेग माझी, ताप डाक्टराचो. ऊठ, टॅक्सी बघ."

रक्त तपासलं. लेप्टो नव्हता.

परवा मॉलमध्ये काचेच्या बरणीत 'कोकम बटर' दिसलं, घेऊन आलो. पांढरंशुभ्र, गुळगुळीत. आईनं झाकण उघडलं, दोनदा हुंगलं.

"ह्याका वास खंय आसा?" म्हणाली, आणि चमचा तापत ठेवला.