वाइनच्या ग्लासचा तळ

मंगळवार, १२ जुलै २०२२. जेम्स वेब दुर्बिणीचं पहिलं रंगीत छायाचित्र आपल्याकडच्या पहाटे प्रसिद्ध झालं होतं. ठरवलं, आज नववीला धडा नाही, हेच दाखवायचं. पण ठाण्यातला पाऊस! शाळेत वीज गेलेली, प्रोजेक्टर बंद. भरलेला वर्ग आणि माझा एवढासा मोबाइल.

कपाटात वाइनच्या ग्लासचा तळ पडून होता. जांभळी नाक्याजवळच्या काचवाल्याकडून दांडा कापून घेतलेला. "बाई, चांगला ग्लास आहे, कापता कशाला?" असं त्याने दोनदा विचारलं होतं. (शाळेत असली वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळूनच ठेवावी लागते.)

आलेखाच्या कागदावर ठिपका काढला आणि तळ चार बोटं वर धरला. ठिपका बरोबर मध्याखाली आला की त्याचं कडं होतं. काच जरा सरकवली की कडं तुटून दोन कोरी उरतात. छायाचित्रातल्या वाकड्या रेघा त्याच. पुढे स्मॅक्स ०७२३ हा दीर्घिकासमूह (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा अब्जावधी ताऱ्यांचा पसारा), त्याचा प्रकाश ४६० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. त्याच्या वस्तुमानाने मागच्या, कितीतरी दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वळतो, त्या ताणलेल्या आणि ठळक दिसतात. साध्या भिंगात कडेचा प्रकाश जास्त वळतो, इथे मध्याजवळचा. म्हणून हा तळच लागतो: दांड्यापाशी तीव्र उतार, कडेला जवळजवळ सपाट.

खिडकीजवळच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलीने हात वर केला. "बाई, दोन वाटांनी येतो, तर एक प्रकाश आधी पोचेल ना? मानपाड्याहून स्टेशनला एक गाडी माजिवड्यावरून आली, एक पोखरण रोडने, तर एकदम सुटूनही एकदम थोड्याच पोचतात!"

हा भाग 'कठीण' म्हणून मीच वगळला होता. मग सांगितलं. २०१४ मध्ये हबल दुर्बिणीला एकाच अतिनवताऱ्याच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्याच्या, चार प्रतिमा दिसल्या. मधे होता ५०० कोटी प्रकाशवर्षांवरचा दीर्घिकासमूह. त्यातलं वस्तुमान, म्हणजे बहुतांश न दिसणारं कृष्णद्रव्य, कुठे किती आहे याचा हिशोब मांडून शास्त्रज्ञांनी आधीच सांगितलं, हाच स्फोट वर्षभरात शेजारी पुन्हा दिसेल. ११ डिसेंबर २०१५ ला दिसला.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मग आधीची एखादी गाडी चुकली पण असेल!"

"चुकली," मी म्हटलं. त्याच हिशोबाप्रमाणे एक प्रतिमा कित्येक वर्षं आधीच येऊन गेली होती. स्टॉपवर कुणी नव्हतं.