मारबतीच्या पुढे चालणारा बांबू

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला अंतर्गत गुणांसाठी अनुभवलेखन होतं. स्वतःच्या आयुष्यातली एक घटना, दीड-दोन पानं. वर्गात कोणाला टेन्शन नव्हतं. ‘मी पाहिलेली जत्रा’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हे सगळं दहावीपर्यंत इतकं घोटलेलं की हात आपोआप चालतो. आधी सूर्य उगवायचा, मग थोडी गंमत, शेवटी शिकवण. मॅडमनी पहिल्याच तासाला सूर्य आणि शिकवण दोन्ही बंद करून टाकलं. ‘त्या दिवशी मला कळलं की’ एवढे शब्द दिसले तरी कागद परत.

मी आमच्या नागपूरची मारबत घेतली, म्हणजे गावावरची ईडा-पीडा घेऊन जावी म्हणून मिरवत नेतात तो बाईचा मोठा पुतळा. काळी आणि पिवळी अशा दोन असतात. माझं आजोळ जागनाथ बुधवारीत, पिवळी निघते त्याच वस्तीत, म्हणजे ती घरचीच. भराभर लिहून काढलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला निघणारी मिरवणूक, काळी 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची. काळीचा संबंध भोसले घराण्यातल्या बांकाबाईंशी लावतात, त्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून लोकांचा राग. मग नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांवर काढलेले बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’चा गजर. मला तर लेख झकास वाटत होता.

मॅडमनी समासात लिहिलं, ‘माहिती चांगली. यात तू कुठे आहेस?’

मी म्हटलं, मी गर्दीत होतो ना मॅडम. त्या म्हणाल्या, गर्दीत पेपरचा बातमीदारही होता. अख्ख्या लेखात त्यांनी एकाच वाक्याखाली रेघ मारली होती, आणि ते मी जागा भरायला टाकलेलं: ‘गल्लीतल्या तारा आड येऊ नयेत म्हणून माझे मामाजी पुढे बांबू घेऊन चालतात.’ बाकीचं महाल भागातला कोणताही पोरगा लिहील, म्हणाल्या, हे मात्र तूच लिहू शकतोस.

म्हणून रविवारी वही घेऊन मामाजींकडे गेलो. विचारलं, मिरवणुकीच्या पुढे चालताना तुम्हाला काय वाटतं?

‘काय वाटन? चालतो.’ आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

कसं वाटतं, मनात काय येतं, लहानपणी काय वाटायचं, सगळं विचारून झालं. उत्तर तेच. शेवटी कंटाळून म्हटलं, तो बांबू कुठून आणता? मग गडी जो सुरू झाला! बांबू वाळलेलाच पाहिजे, ओल्यातून करंट येतो. टोकाला आडवी पट्टी ठोकायची, नाहीतर तार घसरून मागच्याच्या डोक्यावर. पट्टीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची, म्हणजे केबलचं वरचं प्लास्टिक सोलत नाही आणि केबलवाला दुसऱ्या दिवशी दारात भांडायला येत नाही. पूर्वी लाइटच्याच तारा असायच्या, आता इंटरनेटवाल्यांनी गल्लीचं जाळं करून ठेवलं. उठून पलंगाखालून बांबू ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. त्या ट्यूबवर एक जुनं पंक्चरचं ठिगळ होतं. वहीत सगळ्यात आधी तेच लिहिलं.

मॅडमच्या तासात शिकलो त्याच्याइतकंच त्या दुपारी शिकलो. माणसाला त्याच्या भावना विचारल्या की तो दार लावून घेतो. हत्याराबद्दल विचारलं की भावनाही त्याच दाराने बाहेर येतात.

नवीन लेख एका गल्लीपुरता ठेवला. मी दहा-अकरा वर्षांचा, हातात पाण्याची बाटली, मामाजींच्या मागे. एक केबल मारबतीच्या खांद्यात अडकते, मिरवणूक थांबते, मागून लोक ओरडतात, मामाजींचे दोन्ही हात वर. मला पाणी द्यायचंय आणि देता येत नाही. बस. सनावळ्या, बांकाबाई, बडगे, सगळं गेलं. बांकाबाई काढताना मात्र जिवावर आलं, खोटं कशाला बोलू.

अडचण आली आईकडून. तिच्या मते त्या वर्षी मला ताप होता आणि मी घरीच होतो. बाटली घेऊन गेला तो मामेभाऊ. मामेभाऊ म्हणतो, मी नाही बुवा. मामाजींना आठवतच नाही. मॅडमना विचारलं, आता काय करायचं? त्या म्हणाल्या, भांडण मिटवू नकोस, लिही. म्हणून दुसऱ्या परिच्छेदात आईला तिच्या तापासकट बसवलं. लेखाला त्यामुळेच जान आली असं माझं मत आहे. वर्गातल्या काहींना मात्र तो घोळ वाटला.

बोलीचाही प्रश्न होता. निवेदन माझ्या रोजच्या मराठीत ठेवलं, पण मामाजींच्या तोंडी ‘बाजूला हो’ घालून पाहिलं तर मामाजीच गायब झाले. ‘सरक न बे पोट्ट्या, काय पाहून राहिला?’ केलं आणि परत आले.

मॅडमनी आणखी एक अट घातली होती: ज्याच्यावर लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवायचं. मला वाटलं, मामाजींना संकोच होईल. त्यांनी नीट ऐकलं आणि चूक काढली ती कामाची. ‘तार ढकलत नसतात बे. वर घ्यायची अन् मारबत खालून निघेपर्यंत धरून राहाची.’ ते दुरुस्त केलं. मग हळूच म्हणाले, ‘ते खर्र्याचं काढून टाक. तुही मामी वाचन.’ मी लिहिलं होतं की दोन्ही हात बांबूला, त्यामुळे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटता येत नाही, आणि म्हणून त्या दिवशी मामाजी सगळ्यांवर खेकसत असतात. माझ्या मते लेखातलं सर्वात खरं वाक्य तेच. तरी हो म्हटलं.

तेवढ्यात मामी आतून चहा घेऊन आली. कागद तिने सकाळीच वाचला होता. ‘ते राहू दे,’ मला म्हणाली. ‘पण पुढचंही लिही. संध्याकाळी घरी आल्यावर एकाजागी दोन खाल्ले.’

तसंच लिहून दिलं.