कापड बघायचं ते हातानेच

आमच्या आईला कापड डोळ्यांनी बघताच येत नाही, दुकानात शिरली की आधी त्याचा कोपरा चिमटीत धरून चोळणार, मग कडेचा सुटलेला एखादा दोरा हळूच ओढणार, दुकानदार बघत असला तरी ओढणारच. मागे मी हौसेने लिनेनचा शर्ट आणला तर चोळून म्हणाली, गोणपाट आहे की रे. म्हटलं अगं जवसाचा आहे तो. "जवस? चटणीचं?"

हो, चटणीचंच! आपण बी कुटून खातो आणि जुने इजिप्तवाले त्याच झाडाचे देठ नेसायचे. तलम सूत हवं असेल तर झाड हिरवं असतानाच उपटायचं (कापायचं नाही, मुळासकट), पिकू दिलं की वाख राठ होतो, मग दोरखंड वळा त्याचे. म्हणजे कापड की चटणी हे शेतातच ठरलं. मग देठ पाण्यात कुजवायचे, कुटून वाख मोकळा करायचा आणि कापसासारखं ओढून कातायचं नाही, उलट बारीक पट्ट्या टोकाला टोक जोडत पीळ द्यायचा, किती वेळखाऊ काम! माग म्हणजे जमिनीत ठोकलेल्या चार खुंट्या, पुढ्यात उकिडव्या बसलेल्या बायका. इलेक्ट्रॉनिक काही नाही, नुसती बोटं.

तर इसवी सनपूर्व सहाव्या शतकात इजिप्तच्या अमासिस राजाने असं एक लिनेनचं चिलखत ऱ्होड्स बेटावर लिंडोसच्या अथेना देवीला वाहिलं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की त्याच्या एकेका धाग्यात 360 बारीक धागे होते. पाचशे वर्षांनी रोमचा लेखक प्लिनी 365 सांगतो, मधल्या काळात पाच वाढले बहुतेक :) पण खरी मजा पुढेच आहे, तीनदा कॉन्सल (रोममधलं मोठं पद) झालेल्या म्युसियानस नावाच्या मोठ्या माणसाने स्वतः ते तपासून बघितलं आणि म्हणाला की आता थोड्याच चिंध्या उरल्यात, कारण येणारा प्रत्येक जण हेच करतो. म्हणजे देवळात सगळ्या आमच्या आयाच!

आणि जे टिकलं ते कुठलं, तर कोणी ढुंकूनही न बघितलेलं. पेट्री नावाच्या इंग्रज उत्खननवाल्याने 1913 मध्ये कैरोच्या दक्षिणेला तारखानला मळक्या चिंध्यांचा ढीग उकरला, तो लंडनला जाऊन तसाच पडून राहिला, 1977 मध्ये कोणीतरी साफ करायला घेतला तर आत चुण्यांच्या बाह्यांचा व्ही गळ्याचा झगा! कार्बन डेटिंगने तो पाच हजार वर्षांपूर्वीचा निघाला. सेंटिमीटरला 22-23 उभे धागे आणि कोपराशी, काखेत वापरल्याच्या सुरकुत्या अजून तशाच. (माझ्या शर्टाला त्या बसस्टॉपपर्यंतच पडतात.)

आईला फोटो दाखवला. मोबाईलच्या काचेवर अंगठा चोळला तिने सवयीने. म्हटलं सापडला तेव्हा उलटा होता, डोक्यावरून ओढून काढल्यासारखा.

"धुवायला टाकताना सरळ करायचा कंटाळा," ती म्हणाली, "तुझ्यासारखाच."