कोरीच्या मिशा आणि पोतंभर वाळू

मागच्या पावसाळ्यात रात्री जेवणं झाल्यावर माशांच्या टँकसमोर बसले होते, आणि लक्षात आलं की माझ्या सहा ब्राँझ कोरींपैकी (तळाशी फिरणारे छोटे मिशीवाले मासे) दोघींच्या मिशा जवळजवळ गेल्यात. म्हणजे एकीच्या डाव्या बाजूला नुसतं बोथट टोक राहिलेलं. पोटात गोळाच आला. कारण कोरी खाणं शोधते ते त्या मिशांनीच, तळ चाचपत चाचपत.

टँकमध्ये तेव्हा ग्रॅव्हल, म्हणजे बारीक खडी होती, दुकानदाराने "सगळे हीच नेतात" म्हणून दिलेली, रंगीत, आणि हातात घेतली की चक्क टोचणारी. नुसती टोकं टोचून हे होतं असं नाही हां, ग्रॅव्हलच्या फटींमध्ये उरलेलं खाणं आणि विष्ठा जाऊन कुजते, तिथे बॅक्टेरिया वाढतात, आणि कोरी दिवसभर तोंड घालणार ते त्यातच. खरचटलेली मिशी आणि वर ती घाण. पाणी बदलत होते तरी सायफन (तळातली घाण ओढायची नळी) खालपर्यंत कधी पोचलाच नव्हता.

मग ग्रॅव्हलऐवजी घालायला वाळू शोधायला लागले. सगळे आधी रंग विचारतात, पांढरी घेऊ का काळी, आणि मला वाटतं की आधी दाणा बघावा, रंग नंतर. तीन वाट्यांमध्ये तीन वाळू घेतल्या. एक दिवेआगरहून पूर्वी आणलेली, एक सोसायटीत प्लास्टरचं काम चालू होतं तिथली क्रश सँड, आणि एक स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये भरतात ती सिलिका वाळू.

दिवेआगरच्या वाळूवर व्हिनेगरचे पाच-सहा थेंब टाकले तर लगेच बुडबुडे यायला लागले. शिंपल्यांचा चुरा असतो ना त्यात, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते हळूहळू पाण्यात विरघळतं आणि पाणी जड होतं, पीएच वर जातो. जड पाण्यातल्या आफ्रिकन सिक्लिड माशांना चालेल, माझ्या कोरींसाठी नको. क्रश सँड व्हिनेगरला गप्प राहिली पण मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघितलं तर एकेक कण फुटक्या काचेसारखा कोनदार. ती काळा दगड फोडूनच करतात, नदीत घासून गोल झालेली वाळू नाहीये ती. बांधकामाला चांगली, मिशांना अजिबात नाही. सिलिका वाळू दोन बोटांत चोळली तर रव्यासारखी लागली, दाणे अर्धा ते एक मिलिमीटर, साधारण सारखे, कारण चाळूनच येते. (आपल्या सिंधुदुर्गात कासार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत, म्हणजे हे काही परदेशातून मागवायचं प्रकरण नाही.) वॉटर फिल्टरचं सामान विकणाऱ्याकडे पोत्याने मिळते, फक्त घेताना मूठभर हातात घेऊन चोळून बघा, सिलिका म्हणून टोकदारही खपवतात.

किती लागते? दोन बाय एक फुटाचा टँक, चार सेंटिमीटर थर, म्हणजे साधारण सात लिटर, वजनात साडेअकरा किलो. याहून जाड थर मी देणार नाही. जाड वाळूत खाली ऑक्सिजन पोचत नाही, काळे डाग पडतात आणि ढवळलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड. मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी वाळूत शिरून ती खालीवर करत राहतात म्हणून त्या मुद्दाम ठेवल्यात, शिवाय महिन्यातून एकदा मी चॉपस्टिक फिरवते.

धुणं हे खरं काम आहे. बादलीत एक चतुर्थांशच वाळू घ्यायची, पाइप तळापर्यंत घालायचा, हाताने ढवळत राहायचं आणि गढूळ पाणी ओतायचं, माझ्या अकरा-बारा बादल्या झाल्या तेव्हा कुठे पाणी स्वच्छ दिसलं. फिल्टर मात्र त्या सगळ्या वेळात जुन्या पाण्याच्या टबात माशांसोबत चालूच ठेवला होता, चांगले बॅक्टेरिया त्याच्या स्पंजमध्ये असतात, तो वाळला तर सगळं परत पहिल्यापासून. टँक भरताना वाळूवर एक बशी ठेवली आणि पाणी त्या बशीवर सोडलं, फिल्टर तळापासून चार बोटं वर लावला नाहीतर वाळू आत ओढून इम्पेलर, म्हणजे पंपाचं फिरणारं पातं, खराब होतो. झाडांचं म्हणाल तर या वाळूत खत शून्य, व्हॅलिसनेरियाच्या मुळाशी रूट टॅब (खताच्या गोळ्या) खोचल्या, अनुबियास लाकडाला बांधलेलं होतं त्यामुळे त्याचा प्रश्नच नाही.

आणि मग ते बघायला मिळालं ज्याच्यासाठी हे सगळं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोरी डोळ्यांपर्यंत वाळूत घुसली, तोंडात वाळू घेतली आणि कल्ल्यांमधून दोन बारीक धारा बाहेर सोडल्या, दोन्ही बाजूंनी एकदम. ग्रॅव्हलवर दीड वर्षं होत्या, एकदाही असं केलं नव्हतं बिचाऱ्यांनी, करणार कसं?

आता चार महिने झाले. एकीच्या मिशा परत आल्यात, थोड्या आखूड पण दोन्ही बाजूंना. दुसरीची डावी बाजू मुळापासूनच गेली होती, ती काही आली नाही. तिला खाणं सापडायला वेळ लागतो म्हणून रात्री दिवा घालवल्यावर तिच्या कोपऱ्यात एक पेलेट जास्तीची टाकते.