पाडण्याची नोटीस आली तिथून शास्ती उतरेपर्यंत: माझा अनुभव

खान्देशात महापालिका दोनच, जळगाव आणि धुळे. आमची कुठली ते सांगत नाही. तिथल्या माणसांबद्दल फारशी तक्रारही नाही. तक्रार आहे ती त्या ठेकेदाराबद्दल, ज्याने 2011 साली वडिलांना सांगितलं, "काका, स्लॅब टाकून घ्या, नकाशाचं मागून पाहू." तळमजल्याचा नकाशा रीतसर मंजूर होता, वरच्या मजल्याचा कागद झालाच नाही. वडील गेले. पुढे शेजारच्या प्लॉटवर काम निघालं आणि हद्दीच्या भांडणात आमच्यावर अर्ज पडला.

आधी आली एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 53 ची नोटीस: विनापरवाना बांधकाम काढून घ्या. पाठोपाठ घरपट्टीच्या बिलात महापालिका अधिनियमाच्या कलम 267अ ची शास्ती, म्हणजे कराच्या दुप्पटीपर्यंतचा दंड, आणि बांधकाम बेकायदा आहे तोवर दरवर्षी. गल्लीत सल्ले सुरू झाले. एक म्हणे, शास्ती भरून टाक, मग घर आपोआप कायदेशीर. हे साफ चूक. शास्ती भरली म्हणजे बांधकाम नियमित झालं असं धरू नये, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. दुसरा म्हणे, गुंठेवारीत बसव. पण तो कायदा मंजुरीविना पाडलेल्या प्लॉटांसाठी. आमचा ले-आउट मंजूर, एन.ए. झालेला.

खरा धागा सापडला तो एका परवानाधारक इंजिनिअरकडे. नोटीस वाचून तो पहिलं हेच म्हणाला, "मुदत संपायच्या आत कलम 44 चा, म्हणजे बांधकामाला परवानगी मागणारा अर्ज टाका. त्याचा निकाल लागेपर्यंत ही नोटीस लागू होत नाही." म्हणून सगळं सोडून आधी अर्ज भरला, पोच घेतली, आणि त्या पोचेची झेरॉक्स नोटीस देणाऱ्या विभागात आवक शिक्का मारून ठेवली. ही झेरॉक्स पुढे फार कामाला आली, कारण नोटीस काढणारं टेबल वेगळं आणि नकाशा पाहणारं वेगळं.

मग कागद. प्रॉपर्टी कार्डावर अजून वडिलांचंच नाव, म्हणजे आधी वारस नोंद. बहीण सुरतला दिलेली. तिच्या सहीसाठी सुरतची गाडी धरावी लागली. भाचा म्हणाला, मामा, सही व्हॉट्सअ‍ॅपवर नाही चालत का?

मोजमापाचा दिवस मात्र लक्षात राहिला. इंजिनिअरने टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन बोळात शिरला. प्लॉट 1500 चौरस फूट, समोरचा रस्ता 6 मीटरचा. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकीकृत बांधकाम नियमावलीत 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर एफएसआय 1.1, म्हणजे प्लॉटच्या 1.1 पट बांधकाम, 1650 चौरस फूट. त्यावर अनुषंगिक क्षेत्र म्हणून अधिमूल्य (प्रीमियम) भरून निवासी बांधकामाला 60 टक्क्यांपर्यंत वाढ मिळते. आमचं दोन्ही मजले, जिना, गॅलरी धरून 1880 भरलं. म्हणजे क्षेत्रफळाचा प्रश्न पैशांनी सुटणारा होता. अडलं ते सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत. बोळाच्या बाजूला भिंत थोडी पुढे, आणि समोर गॅलरी बंद करून केलेली खोली मोकळ्या जागेवर आलेली.

भिंतीसाठी आयुक्तांच्या अधिकारातली सवलत मागितली, वेगळं अधिमूल्य भरून ती मिळाली. खोलीला सवलत नाही, ती उतरवायचीच. ती खोली म्हणजे आईचं देवघर. आईने देव आत हलवले, पण गवंडी हातोडा घेऊन आला तेव्हा ती शेजारी जाऊन बसली. गवंडी म्हणाला, "पाडनं सोपं शे भाऊ, नकाशा पास करनं अवघड." मे महिना होता, विटांची धूळ तीन दिवस अंथरुणातून गेली नाही. पाडण्याआधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसह काढले, तेच प्रस्तावाला जोडले.

विकास शुल्क, अधिमूल्य, प्रशमन शुल्क (विनापरवाना काम नियमित करून घेण्याचं) असं चलन आलं. त्यात 1 टक्का कामगार उपकरही लावला होता. पण तेव्हाच्या नियमाने स्वतःच्या राहत्या घराचा खर्च 10 लाखांच्या आत असेल तर तो लागत नव्हता, हे लेखी दाखवल्यावर कमी झाला. चलन आलं की ओळ न् ओळ विचारावी.

सुधारित नकाशा मंजूर झाला आणि मला वाटलं, सुटलो. पुढच्या बिलात शास्ती तशीच! नगररचनेचा आदेश कर विभागाला आपोआप जात नाही, तो आपणच न्यायचा असतो. तिथे अर्जासोबत वडिलांच्या वेळचा जुना मंजूर नकाशाही जोडला, कारण शास्ती अख्ख्या घरावर लावली होती आणि तळमजला तर पहिल्यापासून कायदेशीर. कर निरीक्षक पाहणीला आले, तळमजल्याचा हिस्सा वगळला गेला, आणि आदेशाच्या तारखेपासून पुढची शास्ती बंद झाली.

मागच्या वर्षांची वरच्या मजल्याची शास्ती मात्र भरावीच लागली. त्या वर्षी अभय योजना, म्हणजे थकबाकीदारांसाठी सवलत, चालू होती, म्हणून आशेने रांगेत उभा राहिलो. खिडकीवर कळलं की सूट थकबाकीवरच्या दरमहा 2 टक्के दंडावर आहे, अनधिकृत बांधकामाच्या शास्तीवर नाही. जेवढी मिळाली तेवढी घेतली, उरलेली रक्कम भरली आणि पावती नव्या नकाशासोबत प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावली. भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज दिला आहे. त्यासाठी जिन्याला कठडा बसवायला सांगितलंय, वेल्डर येत्या सोमवारी येतोय.