वाड्यातून फ्लॅटमध्ये आल्यावर मुलांवर नजर कोणाची?

जुन्या नाशकातला तिवंध्याजवळचा वाडा सोडून आम्ही पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा भेटणारा प्रत्येक जण घराचे चौरस फूट, पार्किंग आणि पाणी येण्याची वेळ विचारत असे. मुलांचे काय, असे फारसे कोणी विचारले नाही. आणि विचारलेच, तर ‘मुलांचे काय, ती कुठेही रमतात’ असे उत्तरही विचारणाराच देऊन टाकी. आमची थोरली सात वर्षांची आहे आणि धाकटा चार वर्षांचा. दोघेही रमले, हे खरे आहे. परंतु ती रमावीत यासाठी आता आम्हा दोघांना जे काम करावे लागते, ते वाड्यात कोणाच्याच वाट्याला आलेले नव्हते, आणि हा फरक घर बदलण्यापूर्वी मला कोणीही सांगितला नव्हता.

वाडा आम्ही हौसेने सोडला नाही. गावठाणातले लाकडी सांगाड्याचे आणि मातीच्या भिंतींचे वाडे आता थकले आहेत. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि मोठ्या पावसात कुठल्या तरी वाड्याची भिंत पडल्याची बातमी येतेच. आमच्या माडीच्या तुळया एका बाजूने खचू लागल्या, तेव्हा राहावे की जावे हा घरातला जुना वाद आपोआप मिटला. सासू-सासरे आणि दीर-जाऊबाई पंचवटीत गेले, कारण सकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाऊन कपालेश्वराचे दर्शन घेतल्याशिवाय सासऱ्यांचा दिवस सुरू होत नाही; यांची नोकरी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत असल्यामुळे आम्ही चौघे इकडे आलो.

वाड्यात मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम कोणाकडे सोपवलेले नव्हते, आणि म्हणूनच ते सतत होत असे. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या, की चौकात खेळणारी मुले त्यांच्या डोळ्यांसमोर असत. त्या आत गेल्या, तर धुणे वाळत घालणाऱ्या जाऊबाई किंवा मागच्या बिऱ्हाडातल्या काकू असत. धाकटा दिंडी दरवाजाच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीपर्यंत कोणीतरी ‘काय रे, एकटाच कुठे निघालास?’ असे हटकलेले असे. मूल रडले, तर आईने धावत यायलाच हवे, असेही नव्हते. जो जवळ असेल तो उचलून घेई. मला या व्यवस्थेचा त्रासही पुष्कळ होता. मुलाला चहात बुडवलेले बिस्किट कोणी दिले, हे कधी कळत नसे, आणि मी रागावले की त्याला जवळ घेणारे हात चारी बाजूंनी पुढे येत. तरीही स्वयंपाक करताना मूल आत्ता कुठे असेल, याचा विचार मला कधी करावा लागला नाही.

फ्लॅटचे दार लावले की हे सगळे संपते. दार उघडे ठेवावे तर जिना आणि लिफ्ट, बंद ठेवावे तर मुलांसाठी आई हेच एक माणूस. यांची पाळी दुपारची असते त्या आठवड्यात दुपारपासून रात्री उशिरापर्यंत मी एकटीच मोठी असते, आणि दूध गॅसवर असताना धाकटा गॅलरीत गेला, तर गॅस बंद करून आधी त्याच्यामागे जावे लागते. त्यामुळे राहायला येण्यापूर्वी आम्ही पडद्यांचे रंग बाजूला ठेवले आणि नजर नसतानाही मूल सुरक्षित राहील, एवढे घर आधी करून घेतले.

पहिला प्रश्न गॅलरीचा होता. बिल्डरने दिलेले कठडे आडव्या गजांचे होते. दिसायला ते आधुनिक असतात, पण चार वर्षांच्या मुलासाठी आडवा गज म्हणजे चढण्याची पायरी. आम्ही ग्रिलवाल्याकडून उभ्या गजांची जाळी करून घेतली आणि दोन गजांमधले अंतर चार इंचांपेक्षा कमी ठेवायला सांगितले, कारण त्याहून रुंद फटीतून लहान मुलाचे अंग निघून जाते आणि डोके अडकते. ग्रिलवाल्याचे म्हणणे होते की सहा इंच सगळीकडे चालते आणि मालही कमी लागतो. जाळीचा एक भाग आतून उघडता येईल असा ठेवून घेतला, कारण आग लागली तर बाहेर पडण्याची ती एक वाट असते; त्याची किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही, पण आम्हाला अंधारातही सापडेल, अशा खिळ्यावर टांगली आहे. जाळी झाल्यावरही कठड्याजवळ स्टूल, कुंडी किंवा पालथी बादली ठेवायची नाही, हा नियम घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगावा लागतो.

बाथरूमच्या दाराची आतली कडी काढून मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर बसवली, कारण मूल आत जाऊन कडी लावते आणि घाबरले की तीच कडी त्याला काढता येत नाही. वाड्यात पाणी बंबात तापे आणि विसणाचे पाणी मोठी माणसेच मिसळत. इथे नळ फिरवला की थेट गिझरचे पाणी येते. साठ अंशांचे पाणी लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते, म्हणून गिझरचा काटा पन्नासच्या खाली आणला आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हा क्रम थोरलीलाही शिकवला. उंच कपाट भिंतीला पट्टीने जखडले, कारण खण उघडून त्यांवर पाय देत चढणारे मूल आणि कपाट दोन्ही एकदम खाली येऊ शकतात. विजेच्या बोर्डात गळती-संरक्षक स्विच, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का, हे तपासून घेतले. याउलट टेबलांच्या कोपऱ्यांना लावायचे रबर आणि कपाटांना लावायची प्लास्टिकची कुलपे यांवर दुकानदार बराच खर्च करायला लावतात. कोपऱ्याने टेंगूळ येते आणि बरे होते, असे माझे मत आहे.

रात्रीचे प्रश्न वेगळे होते. वाड्यातल्या जाड भिंतींत बाहेरचा आवाज फारसा येत नसे, आणि आला तरी तो ओळखीचा असे. इथे मुंबई-आग्रा महामार्गावरून रात्रभर ट्रक जातात. धाकट्याला त्या आवाजापेक्षा लिफ्टचे दार आपटण्याची भीती अधिक वाटे, आणि राहायला आल्यानंतर काही काळ तो पुन्हा अंथरूण ओले करू लागला. बालरोगतज्ज्ञांनी लघवीची तपासणी करून संसर्ग नाही, याची खात्री केली आणि घर, शाळा किंवा घरातली माणसे बदलली, तर सुटलेली सवय काही दिवसांसाठी परत येणे मुलांत नेहमीचेच असते, असे सांगितले. मुलाला रागवायचे नाही, त्याच्यादेखत चारचौघांत विषय काढायचा नाही, आणि झोपण्यापूर्वी लघवीला नेण्याची वेळ चुकवायची नाही, एवढेच त्यांनी करायला सांगितले. यातली दुसरी गोष्ट सर्वांत अवघड गेली, कारण फोनवर आजीला सगळे सांगण्याची सवय आम्हा सर्वांनाच आहे.

मुलांच्या खोलीत दुमजली पलंग आहे, भिंतीवर चांदण्या आहेत, आणि तिथे कोणीही झोपत नाही. वाड्यात सात-आठ माणसांच्या गाद्या एका माजघरात पडत. त्या सवयीची मुले एकदम बंद दाराच्या खोलीत कशी झोपतील? आम्ही हॉलमध्ये गाद्या घालतो आणि चौघे तिथेच झोपतो. मुलांची स्वतंत्र खोली ही माहितीपत्रकात शोभणारी गोष्ट आहे. सात वर्षांच्या आतल्या मुलांना तिची गरज असते, असे मला वाटत नाही. त्या खोलीत सध्या दप्तरे, सायकल आणि जाऊबाईंनी दिलेली भातुकली आहे.

शाळेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. थोरलीची शाळा बदलली नाही, कारण घर आणि शाळा दोन्ही एकाच वर्षी बदलणे तिच्यावर अन्याय झाला असता. आता तिची व्हॅन मुंबई नाक्याच्या गर्दीतून जाते आणि तिचा प्रवास वाढला आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने घेतला, त्याचा आम्हाला खरा उपयोग झाला. पहाटे उठवून इतक्या दूर पाठवावे लागले असते, तर शाळा बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते.

रविवारी सकाळी आम्ही पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो, कारण ती टेकडी आता घराजवळ आहे. पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे, पण मुलांना चढण्यातच रस असतो. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाच्या या आईने नातवाच्या, म्हणजे पुळुमावीच्या, कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी तो कोरवून घेतला आणि त्यात आपल्या दिवंगत मुलाचे गुण ओळीने सांगितले. मुलाचे कौतुक कातळावर लिहिणाऱ्या आईचा लेख आपल्या गावात आहे, हे मी थोरलीला सांगितले, तेव्हा तिने ‘मुलीचे का नाही लिहिले?’ असे विचारले. प्रश्न रास्त होता. तिथून उतरल्यावर दुपारचे जेवण पंचवटीत, सासूबाईंच्या हातचे. त्या घरी पोहोचल्यावर मी संध्याकाळपर्यंत मुलांकडे पाहत नाही, आणि जाऊबाईंनाही ते कळते. त्या त्यांच्या लेकाला सुट्टीत आमच्याकडे पाठवतात, तेव्हा हिशेब पुरा होतो.

यंदाच्या रंगांनी मात्र मुलांचा गोंधळ उडवला. आमच्या इमारतीत खानदेशातली आणि विदर्भातली कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि ती धुळवडीला रंग खेळतात. नाशिकची मुले रंगपंचमीची वाट पाहणारी. त्यांनी दोन्ही दिवशी रंग खेळून घेतला. पंचमीला आम्ही त्यांना तिवंध्याला नेले. पेशवेकालीन रहाडी, म्हणजे जमिनीतले दगडी हौद, एरवी लाकडी ओंडक्यांनी आणि मातीने झाकलेल्या असतात, वरून गाड्या जातात, आणि त्या दिवशी त्या उघडून रंगाच्या पाण्याने भरतात. उड्या मारणाऱ्यांच्या गर्दीपासून लहान मुलांना दूरच ठेवावे लागते. धाकटा तेवढ्यातही माझा हात सोडून पळाला आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारांनी ‘हा अमक्यांचा नातू’ म्हणत त्याला काउंटरवर बसवून ठेवले. पाथर्डी फाट्याला असे ओळखणारे आम्हाला अजून जमवायचे आहेत.

त्याची सुरुवात तिसऱ्या मजल्यावरच्या धुळ्याच्या आजींपासून झाली. एके संध्याकाळी त्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या, मुलांची नावे विचारली आणि दुसऱ्या दिवसापासून खालच्या बाकावर बसून त्यांना नावाने हाका मारू लागल्या. पुढे आम्ही पाच-सहा घरांनी खाली बसण्याच्या पाळ्या लावल्या. ज्याची पाळी असेल, त्याने फोन खिशात ठेवायचा आणि फाटकाकडे तोंड करून बसायचे. सर्वांत मोठा धोका पार्किंगमधल्या गाड्यांचा आहे. उंच गाडी मागे घेताना तिच्या मागे उभे असलेले चार वर्षांचे मूल चालकाला आरशांत दिसतच नाही, आणि आमच्याकडे मुले नेमकी खांबांमागे लपाछपी खेळतात. म्हणून संध्याकाळी साडेपाच ते सात मागच्या बाजूने गाड्या आणू नयेत, असा अर्ज आम्ही सोसायटीच्या बैठकीत दिला. खजिनदारांचा त्याला कडक विरोध होता, कारण त्यांची गाडी नेमकी मागे लागते. मेच्या सुट्टीत त्यांचा नातू पुण्याहून आला आणि पहिल्याच संध्याकाळी आमच्या मुलांबरोबर खांबामागे लपला. पुढच्या बैठकीत ठराव त्यांनीच मांडला, आणि आता ते सहाला घरी येतात, तेव्हा गाडी सात वाजेपर्यंत बाहेर रस्त्यावर उभी असते.